रोगणखान्याच्या वाफेवर मातीची फत्ते

॥ श्री ॥

जो दिसत नाहीं परंतु ज्यावांचून क्षणभर निभत नाहीं त्या वायुदेवास, आणि जी सर्वांचें सर्व पोटांत घेऊन पुन्हां अन्नरूपें परत करिते त्या भूमातेस साष्टांग नमन करून, वडिलांचे मुखें ऐकिलें आणि जुन्या कागदीं पाहिलें तैसें लिहिलें आहे. अधिक उणें असेल तें श्रोत्यांनीं पदरांत घ्यावें.

शके सोळाशें शहाण्णव, जयनाम संवत्सर, आषाढ शुद्ध पंचमी, ते दिवशीं राजधानींत दवंडी पिटली कीं, रोगणखान्यामागील पाठपेठ दसरा होतांच उठवावी, तीनशें चाळीस घरें नदीपार खडकाळ माळावर न्यावीं आणि पेठेची जागा ओस ठेवावी. कारण ऐसें जें, त्या राज्यांत पालख्या, अंबाऱ्या, ढाली आणि रथ यांवर रोगण चढविण्याचा कारखाना पिढीजाद होता आणि त्याची कीर्ति चहूं दिशांस होती. पूर्वीं रोगण वाळावयास पंधरा दिवस लागत. मग टोपकर म्हणजे फिरंगी व्यापाऱ्यांनीं थिनर नामें पाण्यासारखा पातळ द्रव आणिला, तो रोगणांत मिसळितांच सकाळीं दिलेला हात सांजेस खडखडीत वाळूं लागला, आणि कारखान्याचे मुख्य धोंडजी चितारी यांनीं महिन्याचें काम चार दिवसांत उरकून दरबारीं शेला मिळविला. परंतु वाळलें म्हणजे तो द्रव गेला कोठें, हा विचार कोणी केला नाहीं. तो वाफ होऊन हवेंत जात होता. मग कारागिरांस घेरी येऊं लागली, म्हणून मागील भिंतीस मोठा पंखा बसविला, तो ओढ्याच्या चाकावर फिरविला आणि वाफ बाहेर लोटिली. आंत सुख जाहलें आणि बाहेर पाठपेठेवर संकट गुदरलें. लोकांच्या डोळ्यांस धार लागे, मस्तक जड होई, म्हाताऱ्यांचा खोकला राहेना. मग उपाय आरंभिले. धुराडें उंच केलें, तों वाफ पेठ ओलांडून शेजारच्या गांवीं उतरली आणि तेथील पाटील भांडावयास आले. मग कोळशाच्या गोण्या वाटेंत रचिल्या, त्यांनीं आठ दिवस वाफ शोषिली आणि नववे दिवशीं तृप्त होऊन बसल्या. नित्य नव्या गोण्या द्याव्या तर राज्यांतील रानें पुरणार नाहींत ऐसें दिसलें. मग दारूखान्याचे सरदार बोलिले, वाफ जाळून टाकावी, आणि आपले हातें पलिता लाविला. वाफ जळाली आणि सरदारांची डावी मिशीही जळाली, ते पुढें तीन महिने दरबारीं उजवी बाजू करून बसत. ऐसे सर्व उपाय थकले तेव्हां दिवाण भास्कर नारायण यांनीं विचार केला कीं, रोगणखाना राज्याचें भूषण आहे, तो हालवितां येत नाहीं, पेठ हालवितां येते. आणि महाराजांचा शिक्का घेतला.

त्या पेठेंत गोजराबाई बोराटे म्हणून राजबागेच्या खतखान्याची मुकादमीण राहत होती. बाई पेठेंतच जन्मली आणि पेठेंतच दिली. माहेर आणि सासर यांमध्यें एक आड आणि दोन उंबरे इतकेंच अंतर. दवंडी ऐकिली तेव्हां तिचे हात कोपरांपर्यंत पालापाचोळ्याच्या खतांत होते, ते तैसेच राहिले आणि तिचे मनीं आलें कीं, तीस वर्षें या हातांनीं कुजलेल्याचें सोनें केलें, आतां म्हातारपणीं खडकावर बसून काय कुजवावें. आणि त्याच क्षणीं तिची दृष्टि रोगणखान्यामागील चराकडे गेली. त्या चरांत कुंचले धुतल्याचें पाणी सांडत असे, पहिले वर्षीं तेथील गवत जळून कोळसा जाहलें होतें, आणि हें तिसरें वर्ष, तों गवत कमरेएवढें माजलें होतें. बाई उठली, खुरप्यानें माती काढिली, नाकाशीं नेली. वरच्या मातीस दर्प होता, वीतभर खालीं गेली तों कांहीं नाहीं, निवळ मातीच. बाई स्वतःशींच बोलली, "आगं, मग गेलं कुठं?" मग तिनें दोन मडकीं घेतलीं, एकांत नदीची वाळू भरिली, एकांत चराची माती भरिली, दोहोंत वाटी वाटी थिनर ओतिला, तोंडें लिंपिलीं, आणि आठवे दिवशीं दोन्ही डोईवर घेऊन थेट दरबारीं गेली.

दरबार भरला होता. दिवाण बोलिले, "बाई, मडकीं कसलीं? लोणचें मुरलें कीं काय?" बाईनें पदर सांवरून उत्तर केलें, "मायबाप, लोणचं न्हवं. आधी ह्ये उघडा, मंग त्ये उघडा." दिवाणांनीं पहिल्याचें झांकण उडविलें मात्र, सात शिंका एकापाठीं एक आल्या आणि पगडी मांडीवर उतरली. मग दुसरें मडकें हातभर दूर धरून उघडिलें, आणि हळूहळू नाकाशीं आणिलें, आणि बोलिले, "यांत तर कांहींच नाहीं." बाई बोलली, "दोन्हीत सारखंच घातलं हुतं, मायबाप. ह्या मातीनं खाल्लं." तेव्हां दिवाण खो खो हांसले आणि बोलिले, "बाई, या दरबारांत आजवर पुष्कळांनीं माती खाल्ली, परंतु मातीनें खाल्लें हें आजच ऐकितों!" सारी सभा हांसली. धोंडजी चितारी यांनींही हात जोडून भर घातली, "गोजराआक्का, तुझ्या मातीस ऐसी भूक असेल तर ती माझ्या पालख्याही खाईल हो!" बाई तशीच उलटून बोलली, "न्हाई खायची, धोंडजीबाबा. तिला बी चव कळती." मग सभा दुप्पट हांसली, यावेळीं धोंडजींस.

तेव्हां दरबारचे वृद्ध न्यायशास्त्री, जे सहसा बोलत नसत, ते उठिले आणि बोलिले, "महाराज, हांसण्याजोगें यांत कांहीं नाहीं. पंचमहाभूतांत गंध हा पृथ्वीचा गुण. वायूस स्वतःचा गंध नाहीं, तो दुसऱ्याचें ओझें वाहतो. तें ओझें पृथ्वीनें उतरून घेतलें ऐसें ही बाई सांगत्ये, तर यांत अशास्त्र काय?" महाराजांनीं बाईस जवळ बोलाविलें आणि मृदु वाणीनें पुसिलें, "माती कैसें खाते?" बाई बोलली, "म्हाराज, दुधाला इरजण लागतं, तसं ह्ये. मातीत बारकं जीव असत्यात. डोळ्यांस्नी दिसत न्हाईत, पर दह्यातलं तरी कुणी बघितल्यात? साध्या मातीतल्यांस्नी थिनर पचत न्हाई. ह्या चरातल्यांनी तीन वरसं तेच खाल्लंया, त्यांस्नी सवय झाली. त्यांस्नी घर द्या, वलावा द्या, आणि वाफ हळू हळू त्यांच्या दारात न्या. त्ये खातील, माघारी नुसतं पाणी आणि श्वास सोडत्याल." महाराज बोलिले, "आणि न खाल्लें तर?" बाईनें मान वर केली आणि बोलली, "तर पेठंतलं पयलं बोचकं माज्या डोईवर." महाराजांनीं विडा दिला, दसऱ्यापर्यंत मुदत दिली, आणि दिवाणांस आज्ञा केली कीं बाई मागेल तें द्यावें. दसऱ्याचे दिवशीं सीमोल्लंघनाची स्वारी पाठपेठेच्या वेशीवर येईल. हवा निर्मळ जाहली तर स्वारी पेठेंतून जाईल, नाहीं तर तेथूनच वळेल आणि दुसरे दिवशीं घरें हालतील, ऐसा ठराव जाहला.

मग श्रावणमासीं काम चालिलें. पंख्याच्या तोंडापुढें चाळीस हात लांब आणि वीस हात रुंद वाफा खणिला, तळीं धोंडे पसरिले, धोंड्यांवर भोकें पाडिलेल्या खापरी नळ्या मांडिल्या, आणि त्यांवर दोन हात उंच थर दिला. दिवाण बोलिले, "दोनच हात? राज्यास शोभेल ऐसा पुरुषभर करावा." बाई बोलली, "उंच केलं की बसतं, बसलं की कोंदतं. खाणाऱ्याला बी श्वास लागतो, दिवाणसाहेब." तो थर ऐसा: कुजका पाला, मुरलेलें शेणखत, आणि तें मोकळें राहावें म्हणून नारळाचा काथ्या आणि बाभळीच्या सालपटाचे तुकडे, वर पावसाकरितां गवती छप्पर. पंख्याची वाफ कोरडी येते, ती थेट आली तर वाफा सुकून मरेल, म्हणून वाटेंत वाळ्याचे भिजविलेले पडदे टांगिले, त्यांतून ती वाफ ओली होऊन नळ्यांत शिरे आणि खालून वर चढे. मग बाईनें चराची माती अकरा पाट्या स्वहस्तें आणिली, विरजणासारखी थरांत कालविली, आणि त्या अदृश्य फौजेस मनोमन नमस्कार केला. ती फौज कैसी? ना घोडा, ना भाला, ना निशाण. चिमूटभर मातींत नगरींतील माणसांहून अधिक शिपाई, आणि सर्वांस एकच हुकूम, भोजन करावें. पहिले आठ दिवस वास होता तैसाच राहिला, लोक वाफ्यापाशीं येऊन पुसत, "आक्का, तुझे पाहुणे जेवावयास बसले कीं अद्यापि हात धुताहेत?" बाई सांगे, "नवी सून सासरी येती, ती पयल्या दिवशी पोटभर जेवती व्हय?" मग एकविसावे दिवशीं दर्प निम्मा जाहला, आणि पस्तिसावे दिवशीं वाफ्यावर नाक टेकलें तरी ओल्या खतावांचून कांहीं लागेना. पेठेंत हर्ष जाहला, बाईनें वाफ्याकांठीं बसून कैक महिन्यांत प्रथमच पोटभर श्वास घेतला, आणि दिवाणांनीं वर्तमान ऐकून, भाद्रपद वद्य त्रयोदशीस स्वतः पाहणीस येतों, ऐसें कळविलें.

येथें विघ्न उपजलें, आणि तें शत्रूकडून नव्हे, आदरांतून उपजलें. त्या राज्यांत चाल ऐसी कीं, थोरांची स्वारी जेथें जेथें जाणार तेथें कोतवालीनें चुन्याची फक्की मारावी, रस्त्याच्या कडा पांढऱ्या कराव्या आणि जो जो उकिरडा दिसेल तो चुन्यानें झांकावा. कोतवालीचे मुकादम सुभानजी हे आपले कामीं फार निष्ठावंत. त्यांनीं पहांटेस येऊन पाहिलें, तों पंख्यापुढें चाळीस हातांचा काळाकुट्ट ढीग. दिवाणसाहेबांचे दृष्टीस ऐसें पडूं द्यावें हें सेवाधर्मास अनुचित जाणून त्यांनीं तीस पाट्या कळीचा चुना त्यावर पसरिला, आणि धूळ बसावी म्हणून चार पखाली पाणी मारविलें. चुना उकळला, वाफ्यांतून कढत्या खिरीसारखा बुडबुड आवाज निघाला, आणि तो कढ खालीं झिरपला. गोजराबाई येऊन पाहते तों सुभानजी कमरेवर हात ठेवून समाधानें उभे. ते बोलिले, "आक्का, पाहा कशी गोरीपान केली!" बाईचे हातची पाटी गळाली. बोलली, "सुभानजी, माजी फौज जाळलीस रं!" सुभानजींनीं भयभीत होऊन चहूंकडे पाहिलें आणि बोलिले, "फौज? मी तर नीट पाहिलें, आंत कोणीच नव्हतें!" तितक्यांत दिवाणांची पालखी आली, आणि पंख्याचा झोत चुनखडी वाफ्यांतून जैसा शिरला तैसाच निघाला, तो पहिल्याहून उग्र. दिवाणांनीं नाकास उपरणें लाविलें आणि बोलिले, "बाई, वाफा शुभ्र आहे, परंतु वास तोच आहे. आतां दसऱ्यास बारा दिवस राहिले. माळावर आंखणी करावयास माणसें पाठवितों." आणि पालखी फिरली.

बाई रडली नाहीं. रडावयास बसली तर पेठ उठेल, हें ती जाणत होती. तिनें फावडें घेतलें, वरचा थर उलथिला; हातभर खोल सर्व पांढरें, कोरडें, निर्जीव. आणिक खालीं गेली. दीड हातांवर खतानें पुन्हां काळा रंग धरिला, हातीं घेतलें तों कोमट लागलें, नाकाशीं नेलें तों रानांतल्या अळंब्यांसारखा वास. बाई बोलली, "हायती! नळ्यांच्या बगलेला दडून बसल्यात!" सुभानजी खड्ड्याकांठीं मान घालून उभे होते, ते बोलिले, "आक्का, मी माती खाल्ली." बाई बोलली, "राज्याला चुना लावणारं लई बघितलं, सुभानजी, पर मातीला चुना लावणारा तूच पयला. आता तोंड पाडू नको, फावडं घे." मग सायंकाळपर्यंत पांढरा थर उपसिला आणि दूर टाकिला. परंतु झिरपलेला चुना खालच्या खतांत राहिला होताच, त्यास काय करावें? बाईनें विचार केला कीं, जिभेस चुना भाजला तर आंबट धरितात, तेंच येथें करावें; आणि पेठेंत सांगून धाडिलें कीं, ज्याचे घरीं आंबट ताक असेल त्यानें घेऊन यावें. मग तीनशें चाळीस घरांतून घागरी, चरव्या, तांबे निघाले, आणि सर्वांत पुढें दोन खांद्यांवर दोन घागरी घेऊन सुभानजी. वाफ्यावर ताकाचा सडा पडला, मग नवें खत आणि काथ्या घातला, आणि खालच्या जित्या थराचें विरजण वर चढविलें.

मग बाई रोगणखान्यांत गेली आणि बोलली, "धोंडजीबाबा, माजी माणसं आजारी हायत. आठ दिवस काम पाव करा, वाफ थोडी येऊ द्या." धोंडजी कळवळून बोलिले, "आक्का, दसऱ्याची अंबारी अद्यापि कोरी आहे! महाराज काय उघड्या लांकडावर बसोन सीमोल्लंघन करितील?" बाई बोलली, "मंग सारंच बंद करा." धोंडजींस नवल वाटलें, "तैसें केलें तर वाफच येणार नाहीं, मग तर उत्तम ना?" बाई बोलली, "मंग उपाशी मरतील. आजाऱ्याला पंगत बी घालू न्हाई आणि लंघन बी घालू न्हाई, पेज द्यावी. तुमची अंबारी हीच माज्या माणसांची पेज. येकटी तीच रंगवा, पातळ हातानं, येळ लावून." धोंडजींनीं हातचा कुंचला खालीं ठेविला. तेही दोन पिढ्यांचे त्याच पेठेचे शेजारी, आणि त्यांचीही म्हातारी आई पेठेंत खोकत होती. मग बोलिले, "बरें आहे. माझ्या आज्यानें एक ढाल महिनाभर रंगविली होती. मीही विसरलों नसेन." मग घटस्थापना जाहली, आणि बाईनें आपला घट वाफ्याच्या मातींतच बसविला, त्यांत गहूं पेरिला, म्हणाली, चुना उरला असेल तर हा रुजणार नाहीं. दुसरी माळ गेली, तिसरी गेली, चवथी गेली, बाईचा जीव टांगणीस लागला. पांचवे माळेस पाहते तों मातीस भेगा पडल्या आणि भेगांतून पिवळे कोंभ सुईसारखे वर आले. त्या दिवसापासून दर्प उतरूं लागला आणि रोज उतरत गेला.

मग दसरा उगवला. चौघडा वाजला, जरीपटका निघाला, नव्या अंबारींतून महाराजांची स्वारी पाठपेठेच्या वेशीवर येऊन थांबली. रोगणखान्यांत आज्ञेवरून सर्व हौदे आणि सर्व ढाली एकदम रंगास घेतल्या होत्या, कीं परीक्षा लटकी न व्हावी, आणि पंखा पुऱ्या वेगानें फिरत होता. दिवाण अंबारीशेजारीं उभे, हातीं पेठ उठविण्याचा कागद. पेठेचे लोक दुतर्फा उभे. परीक्षेस दरबारचे अत्तरवाले इनायतमियां आणिले होते, ज्यांचें नाक ऐसें कीं बंद कुपीवरून गुलाब कोणत्या बागेचा तें सांगत. मियांनीं दोन्ही हात मागें बांधिले, वाफ्याची एक फेरी केली, दोन फेऱ्या केल्या, वाकून नळ्यांच्या तोंडाशीं हुंगिलें. मग पेठेंत शिरले, पहिलें घर गेलें, दुसरें गेलें, पांचव्या घरापुढें थबकले, नाक वर केलें, आणि मागें वळून बोलिले, "हुजूर, वास आहे." गोजराबाईनें वेशीचा खांब धरिला, दिवाणांनीं कागदाची घडी उलगडिली. महाराज बोलिले, "कसला वास, मियां?" मियांनीं डोळे मिटून पुन्हां एकदां हुंगिलें आणि बोलिले, "लसणाची फोडणी, हुजूर. वरणाला दिलेली. मोहरी जरा करपलीया." तोंच घरांतून एक बाई पळी हातीं घेऊन बाहेर आली, "कोण म्हंतो करपली? या बघायला!" आणि समोर हत्ती, जरीपटका आणि महाराज पाहून पळी तोंडावर धरून आंत पळाली.

मग जो हास्याचा कल्लोळ उठला तो रोगणखान्याच्या भिंतींस आदळून परत आला. शिंगें वाजलीं, कर्णे वाजले, लोकांनीं सोनें उधळिलें, आणि महाराज स्वतः अंबारींतून उतरून पायीं पेठेंत शिरले, त्या घरीं पाटावर बसले आणि तेंच वरण भातावर घेऊन जेविले, आणि मोहरीविषयीं एक अक्षर बोलिले नाहींत. दिवाणांनीं हातचा कागद सर्वांदेखत फाडिला आणि गोजराबाईपुढें हात जोडिले, "बाई, मी हांसलों तें विसरा." बाई बोलली, "हासलात म्हणून तर शास्तरीबाबा बोललं, दिवाणसाहेब." मग महाराजांनीं बाईस लुगडेंचोळी दिली आणि पुसिलें, "आणिक काय पाहिजे?" बाईनें फार विचार केला आणि बोलली, "म्हाराज, सणावारी रोगणखाना बंद असतो. सलग चार दिस बंद राहिला तर माजी मंडळी उपाशी ऱ्हात्यात, आणि मंग भरल्या ताटाला बी उठत न्हाईत. म्हून सणाच्या दिशी बी येक तरी ढाल रंगवा." महाराज संतोषले आणि सनद करून दिली कीं, सण कोणताही असो, त्या दिवशीं रोगणखान्यांत एक ढाल वाफ्याचे नैवेद्यार्थ रंगवावी, आणि ती ज्याचे हातें रंगेल त्यानें प्रथम वाफ्यापाशीं जाऊन, पंगत बसली आहे, ऐसें सांगावें.

एणेंप्रमाणें शस्त्र न उचलितां, एक माणूस न गमावितां, तीन मासांत वाफेचा समूळ पराभव जाहला. रोगणखाना चालतो, ढाली वाळतात, वाफा जेवतो. पाठपेठ आहे तेथेंच आहे.